चकली येत नाही, कारण तिला हाकेचा अर्थ नीट कळलाय

पत्र

ताई, आमच्याकडे साडेपाच महिन्यांचं देशी पिल्लू आहे. मादी. शेपटीचं वेटोळं बघून मुलाने नाव ठेवलं चकली. घरात हाक मारली की पायाशी येऊन बसायची. बाहेर मात्र आम्ही तिच्या खिजगणतीतही नसतो. गेल्या रविवारी सकाळी कोथरूडमधल्या एका मोकळ्या मैदानावर पट्टा सोडला. दहा मिनिटं छान खेळली. निघायच्या वेळी मी 'ये' म्हटलं, तर तिने माझ्याकडे बघितलं आणि उलटी पळाली. आम्ही मागे, ती पुढे. गेटमधून थेट रस्त्यावर. रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून वाचली. ह्यांनी तिला कशीबशी पकडली आणि रागाच्या भरात एक चापट दिली. तेव्हापासून ती घरातही दोन हात लांब थांबते, धरायला गेलं की निसटते. सासरे म्हणतात, गावाकडे आमचा मोत्या एका हाकेवर शेताच्या दुसऱ्या टोकाहून यायचा, त्याला कुठे कोणी क्लास लावला होता? ह्यांनी ऑनलाइन शॉक देणारा पट्टा बघून ठेवलाय. घेऊ का? आणि दहा वर्षांच्या मुलाचा एक प्रश्न: चकलीला स्वतःचं नाव खरंच कळतं का?

– अजून छाती धडधडणारी एक वाचक, पुणे

उत्तर

शॉकचा पट्टा घेऊ नका. बाकी सगळं सावकाश बोलू, पण तो कार्टमधून आजच काढून टाका. केवळ भूतदया म्हणून सांगत नाहीये. झटका बसतो त्या क्षणी पिल्लू जिकडे बघत असतं, त्याच्याशी ते त्या वेदनेची गाठ मारतं. आपल्याला वाटतं, 'आली नाही म्हणून झटका' हे तिला उमजेल. तिला उमजतं ते असं: सायकलवरचा मुलगा दिसला आणि मानेला काहीतरी चावलं. असं दोन-चारदा झालं की हाकेला न येणाऱ्या पिल्लाऐवजी सायकली बघून भुंकत धावणारं कुत्रं तुमच्या पदरात पडतं. पहिल्यावर इलाज आहे आणि तो स्वस्त आहे. दुसऱ्यावर महिनोन्महिने जातात.

आता तो रविवार चकलीच्या बाजूने बघा. एवढं मोठं मैदान, ओलं गवत, रात्रभरात येऊन गेलेल्या पन्नास कुत्र्यांचे निरोप. एवढ्यात 'ये' ऐकू आलं. आजवर 'ये' म्हटल्यावर काय होत आलं? बाहेर असताना पट्टा लागला आणि खेळ संपला. घरात असताना कधी आंघोळ, कधी कानात औषध, कधी तोंडातली चप्पल काढून घेतली. तेव्हा 'ये'चा अर्थ तिला कळत नाही, असं समजू नका. चांगला कळलाय: मजा आटोपली. म्हणून ती उलटी पळाली. मग तुम्ही दोघं मागे लागलात, आणि पिल्लासाठी कोणी मागे लागणं म्हणजे पकडापकडीचा सगळ्यात भारी डाव. शेवटी ती सापडली आणि चापट बसली. ह्यांनी चापट मारली ती पळाल्याबद्दल, पण तिच्या हिशेबी ती पडली सापडल्याबद्दल. आता दोन हात लांब थांबते म्हणता ना? माणसाचा हात जिथवर पोचतो त्याच्या वितभर पलीकडे. काय नेमकं मापलंय बघा.

ह्यांना फार बोलू नका. रस्त्यावरून जीव वाचवून आणलेल्या प्राण्यावर माणूस घाबरूनच चिडतो. हरवलेलं मूल सापडल्यावर आई आधी धपाटा घालते आणि मग कुशीत घेते, तसंच ते. फक्त मूल त्या धपाट्याचा अर्थ लावू शकतं, पिल्लू नाही.

मी हाकेकडे बाजारातली पत म्हणून बघते. ज्याची पत आहे, त्याच्या चिठ्ठीवर दुकानदार माल देतो. हाक मारली, पिल्लू आलं आणि त्याला चांगलं काही मिळालं, की तुमच्या शब्दाची पत वाढते. आलं आणि नखं कापली गेली, की घटते. हाक मारली, ते आलं नाही आणि तुम्ही नुसते ओरडत राहिलात, तरी घटते, कारण या शब्दाकडे काणाडोळा केला तरी चालतं, हे त्याने शिकून घेतलं. तुमच्या 'ये'चं सध्या दिवाळं निघालंय. ते खातं बंद करून नवं उघडू.

त्याआधी मोत्याबद्दल. सासऱ्यांचं म्हणणं खोटं नाही, पण त्यांनी एक तपशील गाळलाय. वस्तीवरच्या कुत्र्याला दिवसातून एकदा-दोनदा भाकरी मिळायची, आणि ती मिळण्याआधी कोणीतरी दारात उभं राहून 'यू यू यू' करायचं. वर्षभर रोज आधी हाक, मग भाकरी. त्या हाकेनंतर त्याला कधी कोणी आंघोळ घातली नाही की साखळीला बांधून आत नेलं नाही. तुम्ही-आम्ही पैसे मोजून क्लासमध्ये जे शिकतो, ते मोत्याला फुकटात आणि बिनचूक शिकवलं गेलं होतं. शिवाय बांधावरून धावत येताना मध्ये रिक्षा नव्हती. (आणि न येणारे मोत्येही होतेच. त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही, एवढंच.) हे सासऱ्यांना जिंकायला म्हणून ऐकवू नका. घरात हे काम सगळ्यात चांगलं करू शकेल असा माणूस तेच आहेत. चकलीचं संध्याकाळचं जेवण त्यांच्या हाती द्या.

शब्द मात्र नवा घ्या. 'ये' आपल्या घरात दिवसातून शंभरदा वाजतो: जेवायला ये, इकडे ये, जाऊन ये. 'यू यू यू' मला मनापासून आवडतं, पण सोसायटीचा वॉचमन, दूधवाला आणि पलीकडच्या काकू सगळेच ते वापरतात, तेव्हा त्यावर तुमचा हक्क राहत नाही. नाद मात्र त्याचाच घ्या. पॅट्रिशिया मॅककॉनेल नावाच्या, प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन संशोधिकेने वेगवेगळ्या भाषांतले मेंढपाळ, घोडेवाले, कुत्री शिकवणारे आपापल्या जनावरांना काय आवाज देतात ते टिपलं. भाषा कुठलीही असो, जनावराला हलवायचं, जवळ बोलवायचं तर माणसं तुटक, आखूड आवाज भरभर काढतात, आणि शांत करायचं किंवा थांबवायचं तर एकच लांब सूर ओढतात. पुढे पिल्लांवर प्रयोग केला, तेव्हा ओळीने काढलेल्या आखूड, चढत्या आवाजांना पिल्लं जास्त चटकन जवळ आली. आपल्या आज्यांनी हे कोणाला विचारून ठरवलं नव्हतं. दाणे टाकताना कोंबड्यांना मारायची हाक आठवून बघा, आणि बैल थांबवताना गाडीवान ओढतो ती लांब 'होऽऽ' आठवून बघा.

तेव्हा असा शब्द निवडा: आखूड, पाठोपाठ म्हणता येणारा, घरात एरवी न वाजणारा. आमच्याकडे 'टुणूक-टुणूक-टुणूक' आहे. मैदानावर पन्नाशीची बाई हे ओरडते तेव्हा लोक वळून बघतात, पण कुत्रंही वळून बघतं. शिट्टी घेऊ का, असं पुष्कळ जण विचारतात. शिट्टीत राग उतरत नाही, तो तिचा मोठा गुण आहे. पण पुण्यात सकाळी कुकर, वॉचमन आणि पीटीचे सर मिळून तिची किंमत शून्य करतात. शब्द कोणता ते मुलाला ठरवू द्या, कागदावर लिहून फ्रिजवर लावा, आणि चौघांनी तोच, त्याच सुरात म्हणायचा. एकाने 'कम', दुसऱ्याने 'आजा' असं केलंत तर पिल्लू चार भाषा शिकत नाही, चारही सोडून देतं.

पहिला आठवडा घराबाहेर हा शब्द तोंडातून काढायचा नाही. घरात, ती आधीच तुमच्याजवळ असताना, शब्द म्हणा, एक श्वास थांबा आणि तोंडात खाऊ द्या. क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी पिशवी खुळखुळली आणि मग शब्द आला, तर ती पिशवी शिकेल. दिवसातून दहा-बारा वेळा, दोन-तीन बैठकांत. तुकडा हरभऱ्याएवढा, त्याहून मोठा नको, आणि जे जाईल ते तिच्या जेवणातून वजा करा. खाऊ मात्र असा हवा, जो एरवी कधीच मिळत नाही. उकडलेलं चिकन किंवा कलेजी, अंडं, शाकाहारी घर असेल तर पनीर. माझ्या ओळखीचं एक कुत्रं सुक्या बोंबलासाठी दोन मजले उतरून येतं. वासाबद्दल शेजारी बोलतात, ते आपण ऐकून घ्यायचं. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा-लसूण असलेलं काहीही आणि शिजवलेली हाडं यांतलं काही द्यायचं नाही. शुगर-फ्री गोळ्या-बिस्किटांत साखरेऐवजी झायलिटॉल असू शकतं आणि ते कुत्र्याला विषासारखं बाधतं, तेव्हा तीही दूरच.

याच आठवड्यात त्या दोन हातांवरही काम करायचंय. हात पुढे न्या, तिच्या गळ्यातल्या पट्ट्याला बोट लावा, खाऊ द्या, हात काढून घ्या. सुरुवातीला पट्ट्यापर्यंत जाऊ नका, हनुवटीखाली थांबा. दोन-तीन दिवसांत पट्टा मुठीत धरा, खाऊ द्या, सोडा. हे ह्यांनी करायचं, कारण हिशेब त्यांच्या हाताशी आहे. आलेलं पिल्लू धरता येत नसेल, तर ते आलं काय आणि न आलं काय. रस्त्याच्या कडेला तुम्हाला हवी असते ती पट्ट्यापर्यंतची शेवटची वितभर जागा, आणि नेमकी तीच कोणी शिकवत नाही.

शब्द ऐकून ती मान गर्रकन वळवते असं दिसलं की लपाछपी सुरू करा. एकाने खोलीत लपायचं आणि हाक मारायची, सापडलं की खाऊ. मग दुसऱ्याने दुसऱ्या खोलीतून. मुलाला यात इतकी मजा येईल की थांबवावं लागेल. पुढे बंद दाराचा जिना, सोसायटीचं पार्किंग, तेही दोरीवर. गच्ची नको. पाच-सहा महिन्यांचं देशी पिल्लू कठड्यावर उडी मारतं, पलीकडे काय आहे हे ते नंतर बघतं.

आता बाहेर, म्हणजे दोरी. पुढचे सहा महिने तुमचा सगळा भरवसा या दोरीवर आहे.

आठ ते दहा मीटर लांब, हलकी, चपटी पट्टी असेल तर उत्तम. तयार मिळते, नाहीतर बोहरी आळीत मीटरवर घ्या आणि एका टोकाला फिरती कडी लावून घ्या. दुसऱ्या टोकाला गाठ किंवा फासा ठेवू नका. हातातून सुटलीच, तर तो फासा दगडात, झुडपात, स्कूटरच्या स्टँडमध्ये अडकतो. ही लांब दोरी गळ्यातल्या पट्ट्याला कधीच लावायची नाही. दहा मीटरचा वेग घेतलेलं पिल्लू टोकाशी आलं की हिसका थेट मानेला बसतो. अंगात हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा, घालायचा आणि त्याच्या पाठीवरच्या कडीत दोरी अडकवायची. हातमोजे घाला. दोरी मनगटाला किंवा बोटाला गुंडाळू नका. हे मी अनुभवाने सांगते, माझ्या उजव्या करंगळीवर अजून खूण आहे. मुलाला एकट्याने ही दोरी धरू देऊ नका. आणि बटण दाबलं की गुंडाळली जाणारी लीश या कामाला नको. ती सतत ताणलेली असते, तेव्हा ओढलं की लांबी मिळते एवढाच धडा कुत्रं शिकतं. शिवाय तिची बारीक दोरी कातडी कापते आणि ते प्लास्टिकचं हँडल हातातून पडलं की खडखडत पिल्लाच्या मागे लागतं. घाबरलेलं पिल्लू किती पळतं ते तुम्ही पाहिलंच आहे.

दोरी ओढून आणण्यासाठी नाही, हे आधी घरातल्या सगळ्यांना सांगा. 'हाकेकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं' हा शोध तिला लागू नये, म्हणून ती आहे. एरवी ती सैल, गवतावर लोळत असली पाहिजे.

पहिल्या दिवशी हाक मारूच नका. हिंडू द्या, हुंगू द्या. ती आपणहून तुमच्याकडे बघेल तेव्हा गुपचूप खाऊ द्या. दुसऱ्या दिवसापासून हाक, पण स्वतःशी पैज लावून: आत्ता हाक मारली तर ती येईल, यावर मी शंभराची नोट लावीन का? लावणार नसाल तर गप्प बसा. समोर मांजर आहे, दुसरं कुत्रं आहे, कोणीतरी वडापावचा कागद टाकलाय, अशा वेळी पैज लावायची नाही. वास घेऊन झाला, मान वर आली, दोन मीटरवर आहे, आता लावा.

हाक एकदाच. मारली की जागेवर खांबासारखे उभे राहू नका, उलट दिशेला चार पावलं पळा. पिल्लाला धावणाऱ्याच्या मागे लागायला आवडतं, ज्या खोडीने रविवारी घात केला ती आता तुमच्या बाजूने वापरा. ती पोचली की खाऊ पायाशी, गुडघ्याला लागून द्या. हात लांब करून दिला तर ती हातभर लांबच थांबेल. पट्टा मुठीत, मग तोंडात खाऊ, एक नाही, पाठोपाठ तीन-चार. आणि मग 'जा' म्हणून परत सोडा.

ते 'जा' विसरू नका. चिकनपेक्षा मोठं बक्षीस तेच आहे. दहादा बोलावलं तर नऊदा परत खेळायला सोडायचं. म्हणजे हाकेने खेळ संपत नाही, उलट खाऊ खाऊन पुन्हा सुरू होतो. निघायची वेळ झाली की हाक मारून पट्टा लावू नका. दोरी हातात गोळा करत तिच्याजवळ जा, दोन मिनिटं तिच्याशी खेळा, मग चला.

नाही आली तर? येणार नाही, कधी ना कधी. पुन्हा ओरडू नका, दोरी हिसडू नका. दोरी गोळा करत शांतपणे तिच्यापर्यंत जा, तिच्या नाकासमोर खाऊ धरून तिला चार पावलं मागे आणा, आणि मनात नोंद करा की पैज चुकली, अंतर जास्त झालं. पुढची हाक दोन मीटरवरून. आणि अर्ध्या तासाने का होईना, आली तर तोंड गोडच ठेवायचं. दात खाऊन 'शहाणी गं माझी' म्हटलं तरी चालेल.

जागा आणि वेळ यांवर अर्धं यश आहे. ते रविवारचं मैदान सध्या विसरा. आधी आडव्या-तिडव्या रहदारीपासून लांब, एका बाजूला भिंत असलेली जागा बघा. गल्लीतल्या कुत्र्यांच्या हद्दी असतात आणि सकाळी त्यांना कोणी कुठे खायला घालतं हे बघून ठेवलं तर निम्मे तंटे टळतात. त्यांच्यातलं कोणी अंगावर आलं तर पळू नका, किंचाळू नका. चकलीला दोरी आखडून स्वतःच्या मागे घ्या आणि त्यांच्याकडे रोखून न बघता सावकाश त्यांच्या गल्लीबाहेर पडा. बहुतेक टोळ्या आपल्या कोपऱ्यापाशी थांबतात. चावा लागलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, आणि तिचं रेबीजचं लसीकरण झालेलं असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. तुम्हाला कोणाला चावलं तरी हेच: धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. लसींचा कोर्स या वयापर्यंत पूर्ण झालेला असायला हवा. कार्डावर एकदा नजर टाका, आणि गवतातून आल्यावर कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिड शोधा. आपल्याकडे टिक फीवर फार.

उन्हाळ्यात डांबरावर हाताची पालथी बाजू ठेवून बघा. सात आकडे मोजेपर्यंत ठेवता येत नसेल, तर तिचे पंजेही ठेवता येणार नाहीत. पावसाळ्यात उंच गवत टाळा. घोणस तिथे पडून असते आणि पिल्लू आधी नाक पुढे करतं.

टेकडीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पुढच्या रविवारी तोच विचार डोक्यात येईल म्हणून सांगते. वेताळ टेकडीवर मोर आहेत, जमिनीवर अंडी घालणारे इतर पक्षी आहेत, आणि मोराच्या मागे लागलेल्या कुत्र्याला परत बोलावेल असं चिकन अजून कोणी शिजवलेलं नाही. तिथे दोरी सोडायचीच नाही. मी तर पुढे जाऊन म्हणते, पुण्यात कुंपण नसलेल्या कुठल्याही जागी चकलीला मोकळं सोडायचं स्वप्न बघू नका, ती उद्या कितीही शहाणी झाली तरी. हाक शिकवायची ती पट्टा काढता यावा म्हणून नाही. लिफ्टचं दार उघडं राहिलं, हार्नेसची क्लिप तुटली, पार्सलवाला आला आणि ती त्याच्या पायांतून सटकली, त्या दिवसासाठी. तो दिवस प्रत्येकाच्या घरात येतो.

माझ्याकडे तो दिवाळीत आला. चार महिने शिकवलेला माझा कुत्रा, सुतळी बॉम्ब फुटला तशी साखळी तुटली आणि तो गेला. मी, कुत्र्यांचं शिकवते म्हणून लोकांना सांगणारी बाई, हातात एक चप्पल घेऊन त्याचं नाव बोंबलत त्याच्या मागे तीन गल्ल्या धावले. जेवढी मी जोरात, तेवढा तो जोरात. नाक्यावर एक इस्त्रीवाले काका होते. त्यांनी मला हाताने थांबवलं, स्वतः फुटपाथवर माझ्याकडे आणि कुत्र्याकडे पाठ करून बसले आणि खारीचा पुडा उघडून खायला लागले. पाच मिनिटांनी कुत्रा त्यांच्या मांडीपाशी. मला आजही ते आठवून लाज वाटते आणि त्यांना दर दिवाळीला फराळ जातो.

तेव्हा सुटली तर मागे धावायचं नाही. तिचं लक्ष असेल तर हाक मारून उलट दिशेला पळा. तेही जमलं नाही तर खाली बसा, तोंड फिरवा, मातीत काहीतरी सापडल्यासारखं खुडबुडा, पिशवी वाजवा. काही कुत्री स्कूटर सुरू झाल्याचा आवाज ऐकून येतात. आणि फटाक्यांनी भेदरलेल्या कुत्र्याला हाक ऐकूच जात नाही, कितीही शिकवलेलं असो. म्हणून दसऱ्यापासून दिवाळी संपेपर्यंत दोन आखूड लीश, एक हार्नेसला आणि एक गळ्यातल्या पट्ट्याला. विसर्जनाच्या ढोलांच्या दिवसांतही तेच. पट्ट्यावर फोन नंबर कोरलेला बिल्ला आजच लावा. डॉक्टरांकडे मायक्रोचिपची सोय असेल तर तीही बसवून घ्या.

आणखी दोन गोष्टी पुढच्या काही महिन्यांसाठी. सात-आठ महिन्यांची झाली की एके दिवशी तुम्हाला वाटेल, सगळं शिकवलेलं पाण्यात गेलं. इंग्लंडमधल्या संशोधकांनी 2020 साली लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड अशा कुत्र्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाच महिन्यांच्या वयात जी पिल्लं 'बस' म्हटल्यावर नीट बसत, तीच आठव्या महिन्यात मालकाचं कमी ऐकू लागली. गंमत म्हणजे परक्या माणसाचं ऐकत होती! घरात वयात येणारं मूल असलेल्यांना याचं नवल वाटणार नाही. तेव्हा चिडू नका, दोरी पुन्हा आखूड करा आणि पहिल्या आठवड्याच्या धड्यांकडे या. ते दिवस जातात. दुसरं, ती मादी आहे. साधारण सहा महिने ते वर्षभराच्या दरम्यान पहिल्यांदा माजावर येईल. ते दोन-तीन आठवडे लांब दोरीही नको, हातभर लीश आणि जागा बदलून फेरी. नसबंदी कधी करायची ते डॉक्टरांशी आत्ताच बोलून ठेवा.

नखं कापायची असतील, आंघोळ घालायची असेल, औषध द्यायचं असेल, तेव्हा तिला हाक मारायची नाही. आपण उठून तिच्यापाशी जायचं. घरातल्या सगळ्यांत हाच नियम पाळायला सर्वांत जड जातो.

आता तुमच्या मुलाचा प्रश्न. नाव कळतं, पण 'मी म्हणजे चकली' असं कळतं का, ते कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तिच्यासाठी त्या आवाजाचा अर्थ बहुधा 'आता इकडे काहीतरी घडणार' इतकाच असावा. म्हणून नाव वेगळं आणि बोलावण्याचा शब्द वेगळा. नावाने मान वळते, 'टुणूक'ने पाय. हवं तर त्याने घरीच पडताळून बघावं. ती पाठ करून पहुडली असेल तेव्हा दुसऱ्या खोलीच्या दारातून, आवाज अजिबात न बदलता, अर्ध्या मिनिटाच्या अंतराने म्हणायचं: टिकली. बरणी. सुपली. चकली. आणि आजोबांना समोर बसवून सांगायचं, कान नेमका कोणत्या शब्दाला हलतो ते वहीत लिहा. तीन दिवस करून मला कळवा.